चोवीस खुर्च्या

अमरावती, कार्तिक वद्य ५, शके १७८६ (सन १८६४)

तीर्थरूप मामाजी खुशालराव देशमुख, मुक्काम अकोला, यांच्या चरणी जावई भगवंतराव याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. लिहिण्याचे कारण असे की मी कचेरीतली नोकरी सोडली. हे आपल्या कानावर आलेच असेल, कारण आपली कन्या भाऊबीजेसाठी तिकडे निघाली त्याच्या आदल्या दिवशीच सोडली.

कापसाच्या बाजाराला लागून सरकीचे एक जुने कोठार मिळाले आहे. तेथे काफीखाना काढतो आहे. अमेरिकेत लढाई चालू आहे तोवर विलायतेला आपल्या वऱ्हाडचा कापूस लागणार आणि मुंबईचे दलाल इथे ठाण मांडून राहणार. त्यांना बसायला मात्र जागा नाही. कापसाच्या गठ्ठ्यांवर बसतात, नाहीतर उन्हात उभे राहतात. चिखलदऱ्याला एका साहेबाने काफीच्या बुंददाण्याची झाडे लावली आहेत, तो माल मिळतो. काफी करायला ब्राह्मण आचारी ठेवला आहे, म्हणजे कोणाला घ्यायला अडचण नको.

मुंबईस किल्ल्याच्या कोटात असा एक काफीखाना मी पाहिला होता. लोक खुर्चीवर बसतात, पुढे मेज असते, मेजावर पेला असतो. आत पाऊल टाकले की लाकूडच आपल्याला 'या, बसा' म्हणते, मालकाला तोंड उघडावे लागत नाही. मला तसेच करायचे आहे. इथले झाडून सारे सुतार रेल्वेच्या कामाला लागले आहेत. तरी आपल्या घरासमोरच्या नत्थुजी सुताराकडून सहा मेजे आणि चोवीस खुर्च्या मेळघाटच्या सागवानाच्या करवून घ्याव्या. नकाशा सोबत आहे. नत्थुजीने त्यात सुधारणा करू नये.

आमची मंडळी तिकडे आनंदात असतील. इथे काही घाई नाही. निघताना सांगितलेच आहे, दुकान लागले की मग बघू.

आपला,
भगवंत


अकोला, मार्गशीर्ष शुद्ध ३

चिरंजीव जावईबापू भगवंतराव यांस खुशालरावाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. नकाशा नत्थुजीला दाखवला. त्याने तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला. तो जन्मभर बैलगाड्या करत आला आहे. सध्या कापसाच्या पैशाने फुगलेला एक जण चाकाला लोखंडी धाव नको, चांदीची बसव म्हणून त्याच्या मागे लागला आहे, त्यामुळे नत्थुजीला लोकांच्या अकलेची आधीच काळजी आहे. तो मला म्हणाला, "देशमुख, येवढ्या उच्ची बसून मानूस उतरीन कसा?" मी म्हटले, पाय खाली सोडून बसायचे. तो म्हणाला, "मंग दिवसभर लोंबतच ठेवाचे का ते?" याचे उत्तर नकाशात नव्हते.

तरी नमुन्याची एक खुर्ची त्याने केली. मजबूत आहे, बैल जुंपले तर चालू लागेल. मी बसून पाहिले. थोड्या वेळाने माझे पाय आपोआप वर आले, मांडी घातली गेली आणि खुर्ची एका अंगाला कलली. दाराआडून आमची लेक सुभद्रा बघत होती. ती म्हणाली, "दलाल लोक असे दूर दूर बसले तं सौदा कसा करतीन? गुडघ्याले गुडघा लागल्याबिगर होते का?"

तिचे म्हणणे खरे आहे. मी वीस वर्षे अडतीचा धंदा करतो, ते पाहतच ती वाढली. भाव तोंडाने कोणी बोलत नाही. दोघे समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटे दाबून आकडा सांगतात. मध्ये मेज आले तर हात पोचणार कुठवर, याचा विचार करावा.

तुमचे पत्र घरात वाचून दाखवले. 'घाई नाही' हे वाक्य मला दोनदा वाचायला लावले. त्या दिवशी जेवण उशिरा झाले.

खुशालराव


अमरावती, मार्गशीर्ष वद्य १२

तीर्थरूप मामाजींस नमस्कार.

पत्र घरात वाचून दाखवलेत, आनंद झाला. घाई नाही हे वाक्य तिकडे पसंत पडलेले दिसते.

गुडघ्यांचा मुद्दा पाहिला. रुमालाखाली बोटे दाबणे ही आता जुनी रीत झाली. खुर्च्या आल्या की लोक आपसूक तोंडाने भाव बोलू लागतील. मुंबईच्या काफीखान्यात मी कोणाचेही गुडघे कोणाला लागलेले पाहिले नाहीत. नकाशाप्रमाणेच चालू द्यावे.

भिंतींना चुना दिला. दोन खिडक्या रुंद करून घेतल्या. येणाऱ्याला दारात आधी काफीचा वास यावा, मग उजेड दिसावा, मग खुर्ची सापडावी, अशी योजना आहे. घरी चूल पेटत नाही, मी आचाऱ्याकडेच जेवतो, त्यामुळे बुंददाण्याची पोती स्वयंपाकघरात ठेवता आली. ही एक सोय झाली. एकंदर घरात फारशी वर्दळ नाही. शेजारच्या माणिकबाई रोज विचारतात, मी सांगतो, दुकान लागते आहे.

पौषात सहदेव गाडीवान कापसाची मोठी गाडी घेऊन येईल. माल त्याच्या ताब्यात द्यावा.

भगवंत


अकोला, पौष शुद्ध १०

चिरंजीव भगवंतराव यांस आशीर्वाद.

सहदेव आला. तुमची गाडी दारात लागलेली पाहताच घरात धावपळ झाली. सुभद्राच्या आईने वाटेसाठी दशम्या केल्या. सुभद्राने आपले गाठोडे बांधून ओट्यावर आणून ठेवले. मी सहदेवला विचारले, मालकाचा काही निरोप आहे का. तो म्हणाला, "खुर्च्या मोजून घेजो म्हने. पाय मोडू देऊ नको म्हने. आनखी काई नाई सांगतलं."

मग त्याने माल चढवला, दोरखंडांनी आवळला, दशम्या खाल्ल्या आणि निघाला. गाडीत चोवीस खुर्च्या होत्या, पण बसायला जागा नव्हती. गाठोडे पुन्हा आत नेले.

नत्थुजीने काम अगदी नकाशाबरहुकूम केले आहे. त्याची इच्छा नव्हती.

बाकी लिहिण्यासारखे नाही.

खुशालराव


अमरावती, माघ शुद्ध १४

तीर्थरूप मामाजींस नमस्कार.

काफीखाना वसंतपंचमीस उघडला. लोक आले. पहिल्या दिवशी अकरा जणांनी उभ्याने काफी घेतली, खुर्च्यांवरून हात फिरवला आणि 'सागवान चांगलं आहे' असे सांगून गेले. दुसऱ्या दिवशी बसले, पण जोडे काढून आणि मांडी घालून. तिघे खुर्चीसकट पडले. तिघांनाही लागले नाही, आणि तिघांनीही उठल्या उठल्या विचारले की खुर्ची तर मोडली नाही ना. फार चांगले लोक आहेत.

सौद्याच्या वेळी घोटाळा झाला. मेजाच्या दोन बाजूंनी दोन दलाल पोटावर पालथे पडले, हात पुढे केले आणि वर रुमाल टाकला. त्यांच्या पागोट्यांनी दोन्ही पेले लवंडले. एकाला भाव समजला नाही, दुसऱ्याला श्वास घेता आला नाही. तिसऱ्या दिवशी खुर्च्या भिंतीशी गेल्या आणि सगळे जमिनीवर बसले. मेजांवर आता पागोटी ठेवतात. पागोट्यांची उत्तम सोय झाली आहे.

गुडघ्यांविषयी आपल्या घरात जे मत पडले होते, ते सविस्तर कळवावे.

गाठोडे राहून गेले असे लिहिलेत. सहदेवला रागे भरलो. त्यात पापड असतील असा माझा अंदाज आहे. खुर्च्यांखाली त्यांचा चुराच झाला असता, तेव्हा ठेवून घेतलेत हे बरे केले.

भगवंत


अकोला, माघ वद्य ११

चिरंजीव भगवंतराव यांस आशीर्वाद.

गाठोड्यात पापड नव्हते.

गुडघ्यांविषयीचे मत सविस्तर असे. परवा सुभद्रा स्वतः नत्थुजीच्या अंगणात गेली. खडूने जमिनीवर रेघा ओढल्या, मांडी घालून त्यावर बसली आणि म्हणाली, "हे माप घ्या." बैठक दीड वीत उंच, मांडी ऐसपैस मावेल एवढी रुंद. दोन बैठका समोरासमोर, मध्ये दोन बोटांचे अंतर, म्हणजे गुडघे आपोआप भिडतील. मागे टेकायला लाकडी कठडा, त्याला कापसाचा लोड. पागोट्यांना भिंतीवर खुंट्या. बैठकीखाली एका बाजूने उघडा खण, जोडे ठेवायला. नत्थुजीने विचारले, जोडे बाहेर काहून नाही? ती म्हणाली, "मानसाचा जीव जोड्यात राह्यते. जोडा डोळ्यापुढं असला का मंग तो निवांत बसते."

पेल्यासाठी डाव्या हाताला लहानसे टेकण. मी म्हटले, उजवा हात रुमालात गुंतलेला, डाव्याने कोणी पीत नाही, मग काफी प्यायची कशी? ती म्हणाली, "सौदा होयेस्तोर नाईच प्याची. थंडी होऊ द्या. मंग दुसरी घेतीन."

नत्थुजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "हे समजलं मले. बिनचाकाची छकडीच आहे ही." तुमच्या खुर्च्या आणि मेजे मोडून त्याच लाकडात तो हे काम करतो म्हणतो. मोडायला तो उत्सुक आहे. तेव्हा माल परत पाठवा. तुमच्या दुकानात बसणारा प्रत्येक माणूस आता सुभद्राच्या मापाने बसेल, हे ध्यानात असू द्या.

गाडी येईलच. गाडीबरोबर आणखी काय पाठवायचे, ते सांगायला नको. तुम्ही सुज्ञ आहात.

खुशालराव


अमरावती, फाल्गुन शुद्ध ६

तीर्थरूप मामाजींस नमस्कार.

सर्व माल सहदेवबरोबर परत पाठवला आहे. गाडीबरोबर आणखी काय पाठवायचे, यावर दोन दिवस विचार केला. भाजून कुटलेले दोन शेर बुंददाणे पाठवत आहे. पाण्यात उकळून गाळावे आणि दूध-गूळ घालावा. घरातल्यांना आवडले तर कळवावे.

डाव्या हाताच्या टेकणाची युक्ती वाचून मी दुकानात एकटाच हसलो. आचारी बघत होता.

भगवंत


अकोला, चैत्र वद्य ३, शके १७८७

भगवंतराव यांस.

काल सहदेव बैठका घेऊन निघाला. त्याआधी सुभद्राने नत्थुजीच्या बायकोला, गोदाबाईला, एकेका बैठकीवर समोर बसवून गुडघे जुळवून पाहिले. तीन बैठका तासून घ्याव्या लागल्या. गाडी भरली तेव्हा ती आत गेली. निरोप आहे का असे या खेपेस कोणी विचारले नाही आणि तिने गाठोडेही बांधले नाही. मला ते बघवले नाही.

आता स्पष्ट लिहितो. आम्ही मूळचे हिवरखेडचे. आमच्या रिवाजात माहेरी आलेली लेक सासरचे मूळ आल्यावाचून परत जात नाही. सासरचा माणूस यावा, त्याने ओट्यावर बसून 'न्यायला आलो' म्हणावे, मग पाठवणी. मूळ न येता पाठवली तर लोक म्हणतात, बापाला जड झाली होती. तुमची गाडी माझ्या दारात तीनदा आली. तिने खुर्च्या नेल्या, खुर्च्या आणल्या, बैठका नेल्या. परक्या दलालांना तुम्ही लाकडाकडून 'या, बसा' म्हणवता आणि स्वतःच्या बायकोला 'ये' म्हणायला तुम्हाला सहा महिन्यांत एक माणूस मिळाला नाही. ती नको असेल तर तसे लिहा. माझी पोर मला जड नाही.

काफी कडू लागली.

खुशालराव


अमरावती, चैत्र वद्य १०

तीर्थरूप मामाजींच्या चरणी साष्टांग नमस्कार.

पत्र पावले. आता मीही स्पष्ट लिहितो. आमच्या घरी भाऊबीजेला गेलेल्या सुनेला तिचा भाऊच आणून सोडतो. माझी आई आणि काकू दोघी दरवर्षी अशाच आल्या. सासरने मूळ पाठवले तर माहेरची माणसे रुसतात, म्हणतात, आम्ही काय लेक अडकवून ठेवली होती? मी पौषापासून रोज संध्याकाळी दारात उभा राहून अकोल्याचा रस्ता बघतो आहे. वाटायचे, आज मेहुणा तिला घेऊन येईल. कोणी येत नव्हते. मी समजलो, नोकरी सोडली म्हणून ती रागावली आहे, दुकान चालले की येईल. म्हणून दुकानाच्या हात धुऊन मागे लागलो.

घाई नाही असे लिहिले ते खोटे होते. मला पहिल्या दिवसापासून घाई होती. तिच्यावाचून घरात पाऊल टाकवत नाही. पण बायकोची आठवण येते असे सासऱ्याला कोणी लिहिते का? मला लिहवेना, म्हणून खुर्च्यांविषयी लिहीत राहिलो.

बैठका मांडल्या. पहिल्याच दिवशी सगळ्या भरल्या. लढाई संपत आली अशी बातमी आहे आणि भाव रोज घसरतो आहे, तसतसे बसणारे वाढताहेत. भाव चढत होता तेव्हा कोणाला बसायला वेळ नव्हता. आता गुडघ्याला गुडघा लावून बसतात, वर रुमालही टाकतात, पण आत कोणी बोट दाबत नाही. नुसते हात धरून बसलेले असतात. ते पाहिले की माझ्या मनात एकच येते, हे माप कोणाचे आहे.

मूळ म्हणून पाठवायला माझ्याकडे वडीलधारे कोणी उरलेले नाही. नवऱ्याने स्वतः न्यायला जावे याला लोक हसतात. हसू देत. दुकानाला कुलूप लावून उद्या छकड्याने निघतो. डाक माझ्या आधी पोचेल. तिला सांगावे की मी ओट्यावर बसून सगळ्यांच्या देखत म्हणेन.

आपला अपराधी,
भगवंत


अकोला, चैत्र वद्य ११

चिरंजीव भगवंतराव यांस आशीर्वाद.

मागच्या पत्राचे तुमचे उत्तर अजून आले नाही. त्याची वाट न पाहता लिहितो, कारण सुभद्रा आज सकाळी निघाली. खुंट्या ठोकायच्या राहिल्या म्हणून नत्थुजी आपल्या गाडीने अमरावतीस येतो आहे, बरोबर गोदाबाई आहे. सुभद्रा गाडीत जाऊन बसली. मी म्हटले, मूळ आलेले नाही. ती म्हणाली, "बाबा, त्याईले खुर्ची समजली नाई, मूळ काय समजते? जाऊनच सांगतो आता." मी म्हटले, लोक नावे ठेवतील. ती म्हणाली, "ठेवू द्या."

गाडी वळणाआड गेल्यावर लगेच हे लिहायला बसलो. रागात लिहून गेलो त्याचे वाईट वाटते. ती आपला मान सोडून येते आहे, एवढे लक्षात ठेवा. तुम्ही दुकानात असालच. तिला दारात उभी ठेवू नका.

खुशालराव


अमरावती, चैत्र वद्य १४

तीर्थरूप बाबांच्या चरणी सुभद्राचा नमस्कार.

आम्ही काल सुखरूप पोचलो. मी सांगते तसे आचारी लिहितो आहे. दुकानाला कुलूप होते. किल्ली माणिकबाईंकडे होती. आचारी म्हणाला, मालक तुम्हालाच आणायला अकोल्याला गेले आहेत. तुमचे एकादशीचे पत्र डाकवाल्याने माझ्याच हातात दिले.

ते गेले हे मला त्याआधीच ठाऊक होते. मुर्तिजापूरच्या अलीकडे समोरून एक छकडा आला, त्यात ते बसले होते. नवा फेटा बांधला होता. फार वाळले आहेत. बघितल्याबरोबर मला रडू कोसळले आणि इतक्या महिन्यांचा राग कुठे गेला कळलेच नाही. गोदाबाई म्हणाली, "हाक मार ना वो पोरी." मी म्हटले, नाव कसे घेऊ? ती म्हणाली, "मंग अवो म्हन!" तोवर छकडा पुढे निघून गेला. नत्थुजी म्हणाला, गाडी वळवतो, गाठू त्याईले. मी म्हटले, चालू द्या.

दुकान छान झाले आहे. उजेड चांगला येतो. आज सकाळी मीच उघडायला लावले. दलाल येऊन दारात घुटमळत होते, मालक कुठे दिसेना. मी आतल्या दारामागून 'बसा' म्हटले. बसले. घरात मात्र देवघरापर्यंत बुंददाण्याची पोती आहेत आणि चुलीवर कोळ्यांची जाळी धरली आहेत. ते सगळे काढायला आठ दिवस लागतील.

ते तिकडे पोचले असतील. ओट्यावर बसून 'न्यायला आलो' म्हणतील, तर म्हणू द्या. आधी शेजारीपाजारी बोलावून घ्या, सगळ्यांना नीट ऐकू येऊ द्या. आईला सांगा, त्यांना पोटभर जेवू घाल, दूध दे, अंगावर थोडे मांस चढू दे.

पण एकटे परत येऊ देऊ नका. आपल्या रिवाजात मूळ आल्यावाचून पाठवत नाहीत. घर आवरून झाले की मी इथून सहदेवला धाडते. तो ओट्यावर बसून 'न्यायला आलो' म्हणेल, तेव्हा त्यांची पाठवणी करा.

तुमची,
सुभद्रा